१९२.१६८ने सुरू होणारा पत्ता मित्राला पाठवू नका

कुणीतरी आपल्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्ट या गेमचा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना एकत्र खेळू देणारा प्रोग्रॅम, सुरू करतं, सेटिंगमध्ये दिसणारा आयपी पत्ता मित्रांना पाठवतं, मित्र तो गेममधल्या चौकटीत जसाच्या तसा टाकतात आणि अर्धा मिनिट ताटकळल्यावर पडद्यावर येतं, 'कनेक्शन टाइम्ड आउट'. मग पासवर्ड तपासले जातात, गेम पुन्हा इन्स्टॉल होतो, अँटिव्हायरसला शिव्या घातल्या जातात. पाठवलेला पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.५ अशा थाटाचा असतो. तो चुकीचा नसतो. त्या कॉम्प्युटरचा पत्ता खरोखर तोच असतो, पण त्याच्या घरच्या वाय-फायपुरता.

इंटरनेटवर अजूनही सर्वाधिक रुळलेला आयपी पत्ता म्हणजे ३२ बिटांची एक संख्या. वाचायला सोपं पडावं म्हणून तिचे चार तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा ० ते २५५ यांमधला असतो. असे एकूण पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी. १९८१ साली ही पद्धत प्रमाण ठरली तेव्हा हा आकडा अफाट वाटला होता. नव्वदच्या दशकात तो अपुरा पडणार हे दिसू लागलं आणि काही पत्ते 'खासगी' म्हणून बाजूला काढण्यात आले: १०ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ एवढा पट्टा आणि १९२.१६८ने सुरू होणारे. हे पत्ते आपापल्या नेटवर्कच्या आत कुणीही, कितीही वेळा वापरावेत; बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. फ्लॅट नंबर ३०२ प्रत्येक इमारतीत असतो, तसंच हे. नुसता '३०२' सांगून पाहुणा पोचत नाही. पोचलाच तर तो स्वतःच्याच इमारतीतल्या ३०२समोर उभा राहतो.

बाहेरच्या जगाला दिसतो तो राउटरचा सार्वजनिक पत्ता. घरातली सगळी उपकरणं त्या एकाच पत्त्यामागून बोलतात. आतून एखादं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, बाहेर निघालं की राउटर आपल्या तक्त्यात नोंद करतो: हे अमुक कॉम्प्युटरकडून, अमुक ठिकाणी गेलं. उत्तर आलं की तो तक्ता बघतो आणि ते योग्य कॉम्प्युटरला देतो. म्हणूनच दुसऱ्याच्या सर्व्हरवर खेळायला जाताना राउटरमध्ये काहीच करावं लागत नाही. सर्व्हर आपल्या घरात असला की मात्र पॅकेट आधी बाहेरून येतं. तक्त्यात त्याची नोंद नसते, कुणाला द्यायचं हे राउटरला कळत नाही आणि तो ते मुकाट्याने टाकून देतो. पाठवणाऱ्याला नकारसुद्धा कळवत नाही. ते अर्ध्या मिनिटाचं ताटकळणं इथून येतं.

यावरचा उपाय म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग: 'या पोर्टवर बाहेरून काही आलं तर ते आतल्या या पत्त्यावर दे' असा कायमचा नियम राउटरमध्ये लिहून ठेवायचा. पोर्ट ही १६ बिटांची संख्या, म्हणजे ० ते ६५५३५. एकाच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अनेक प्रोग्रॅमपैकी पॅकेट कुणासाठी आहे, हे तिच्यावरून ठरतं. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती २५५६५ वापरते, बेडरॉक आवृत्ती १९१३२, काउंटर-स्ट्राइकचे सर्व्हर सहसा २७०१५, टेरारिया ७७७७. पत्त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबं देऊन लिहिलेला आकडा तो हाच. नेहमीचाच पोर्ट असेल तर गेम तो स्वतःच गृहीत धरतो, म्हणून बऱ्याच खेळाडूंना पोर्ट नावाची काही चीज असते याचा पत्ताच नसतो.

नियम लिहूनही जमत नाही, तेव्हा दोन ठिकाणी बघावं. पॅकेटं पाठवायच्या दोन पद्धती आहेत: जावा आवृत्ती टीसीपीवर चालते आणि बेडरॉक यूडीपीवर. आकडा बरोबर पण प्रकार चुकीचा निवडला, तर नियम असून नसल्यासारखाच. दुसरं म्हणजे राउटर आतले पत्ते वाटतो ते कायमचे नसतात. आज १९२.१६८.१.५ असलेला कॉम्प्युटर उद्या १९२.१६८.१.८ झाला की फॉरवर्ड केलेली पॅकेटं भलत्याच उपकरणाकडे जातात, म्हणून सर्व्हरच्या कॉम्प्युटरला राउटरमध्ये एक पत्ता राखून द्यावा. आणि एक गंमत: आपला सार्वजनिक पत्ता घरातूनच टाकून चाचणी घेऊ नये. आतून निघालेलं पॅकेट बाहेरच्या पत्त्यावरून वळवून पुन्हा आत आणणं बऱ्याच राउटरना जमत नाही. जगाला सर्व्हर दिसत असतो, फक्त मालकालाच दिसत नाही!

जोडणी फसल्यावर येणारा संदेशही बरंच काही सांगून जातो. 'अननोन होस्ट' म्हणजे नावावरून पत्ताच सापडला नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' ही माझ्या मते आनंदाची बातमी: तिथल्या यंत्राने उत्तर दिलंय, फक्त त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. सर्व्हर सुरूच नसेल किंवा पोर्ट चुकला असेल. 'टाइम्ड आउट' म्हणजे शुकशुकाट. पत्ता चुकलाय किंवा वाटेत राउटर अथवा फायरवॉल पॅकेटं गिळतेय.

कधीकधी सगळं बरोबर करूनही शुकशुकाट संपत नाही. जगभरच्या वाटपाच्या मध्यवर्ती साठ्यातले ३२ बिटांच्या पत्त्यांचे शेवटचे गट फेब्रुवारी २०११मध्ये देऊन झाले. त्यानंतर अनेक इंटरनेट सेवादारांनी, विशेषतः मोबाइल कंपन्यांनी, असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं. या मधल्या थरासाठी २०१२ साली १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा वेगळा राखला गेला. आपल्या राउटरच्या पानावर बाहेरचा म्हणून दिसणारा पत्ता आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटवर दिसणारा पत्ता जुळत नसेल, तर बहुधा आपल्या राउटरच्याही पुढे सेवादाराचा एक राउटर बसलेला आहे, आणि त्यात नियम लिहायची मुभा आपल्याला नाही. मग सेवादाराकडे सार्वजनिक पत्ता मागावा, सर्व्हर भाड्याने घ्यावा, किंवा दोन्ही बाजूंना १२८ बिटांचे नवे आयपीव्ही६ पत्ते असतील तर ते वापरावेत. बरेच नवे गेम वेगळी युक्ती करतात. दोन्ही खेळाडू आधी एका मध्यस्थाला भेटतात, तो त्यांना एकमेकांचे बाहेरून दिसणारे पत्ते सांगतो आणि दोघंही एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट सोडतात. दोघांच्याही राउटरना वाटतं, सुरुवात आपल्याकडूनच झाली. तेही फसलं तर सगळी वाहतूक मध्यस्थामार्फतच होते.

आकड्यांऐवजी नाव टाकता येतं ते डीएनएसमुळे. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडलेली ही व्यवस्था नावावरून पत्ता शोधून देते. तिच्यात एसआरव्ही नावाची एक नोंद असते आणि ती पत्त्याबरोबर पोर्टही सांगते. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती ही नोंद वाचते, त्यामुळे सर्व्हर भलत्याच पोर्टवर असला तरी खेळाडूला नुसतं नाव पुरतं. सर्व्हर नव्या यंत्रावर हलवल्यावर काही जणांना तो लगेच सापडतो आणि काहींना तासाभराने, याचं कारण जुनं उत्तर वाटेत ठिकठिकाणी ठरावीक मुदतीपर्यंत साठवलेलं असतं.

हे झालं पत्ता हातात असल्यावरचं. तो नसेल तर?

डिसेंबर १९९३मध्ये आलेल्या डूम या गेमला हा प्रश्न फारसा पडला नाही. एकाच नेटवर्कवरचे कॉम्प्युटर 'कुणी खेळतंय का' असं सगळ्यांना उद्देशून ओरडत आणि एकमेकांना सापडत. ही पद्धत अजून जिवंत आहे. माइनक्राफ्टमध्ये 'ओपन टू लॅन' केलं की तो कॉम्प्युटर दर दीड सेकंदाला २२४.०.२.६० या सामायिक पत्त्यावर आपली दवंडी पिटतो. पण ही दवंडी राउटरच्या पलीकडे जात नाही, आणि जात नाही तेच बरं.

१९९६ साली क्वेक आला आणि लोक इंटरनेटवरून सरसकट खेळू लागले. सर्व्हरचे पत्ते हाताने जमवायचे, फाइलमध्ये लिहून ठेवायचे, एकेक करून टाकून बघायचे. त्याच वर्षी काही हौशी प्रोग्रॅमरनी क्वेकस्पाय नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो सर्व्हरची यादी आणून, कोण चालू आहे आणि कुठे किती जण खेळताहेत ते दाखवायचा. पुढे त्याचाच गेमस्पाय झाला.

यादीमागची रचना साधी आणि फार हुशार आहे. एक मास्टर सर्व्हर असतो, त्याचा पत्ता गेममध्येच लिहिलेला असतो. खेळ चालवणारा प्रत्येक सर्व्हर त्याला ठरावीक वेळाने 'मी जिवंत आहे' असं कळवत राहतो. कळवणं थांबलं की नाव यादीतून गळतं. खेळाडूने यादी मागितली की उत्तरात दर सर्व्हरमागे मोजून सहा बाइट येतात, चार पत्त्याचे आणि दोन पोर्टचे. २०३, ०, ११३, २५, ९९, २२१ असे सहा आकडे आले, तर पत्ता २०३.०.११३.२५ आणि पोर्ट ९९ गुणिले २५६ अधिक २२१, म्हणजे २५५६५. ना सर्व्हरचं नाव, ना नकाशा, ना खेळाडूंची संख्या. क्वेक ३ असंच करायचा आणि काउंटर-स्ट्राइकच्या जुन्या मास्टर सर्व्हरचीही रीत हीच.

बाकीची माहिती तुमचा कॉम्प्युटर त्या प्रत्येक सर्व्हरला थेट विचारतो, म्हणून यादीतल्या ओळी एकेक करत भरताना दिसतात. मास्टरनेच सगळं का सांगू नये? कारण सगळ्यात महत्त्वाचा आकडा त्याला ठाऊक असूच शकत नाही: पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन यायला लागणारा वेळ. तो तुमच्या आणि त्या सर्व्हरमधल्या अंतरावर ठरतो, मास्टरने मोजला तर तो मास्टरचा पिंग होईल. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. ५००० किलोमीटरवरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला किमान ५० मिलिसेकंद लागणारच, आणि केबल सरळ रेषेत टाकलेली नसल्याने प्रत्यक्षात आणखी जास्त. महागडं कनेक्शन घेऊन हा हिशेब बदलत नाही. जवळचा सर्व्हर निवडणं एवढंच आपल्या हातात असतं.

खेळाडूंची संख्या मात्र सर्व्हर स्वतःच सांगतो, तेव्हा तिच्यावर जपूनच विश्वास ठेवावा. गर्दी दिसली की गर्दी वाढते, हे ओळखून बॉट, म्हणजे प्रोग्रॅमने चालवलेली पात्रं, खेळाडू म्हणून मोजणारे सर्व्हर बरेच आहेत. आत शिरल्यावर चाळीस नावं आणि चिटपाखरू नाही, असं झालं तर समजून जावं.

यादीत नाव नाही म्हणून आपला सर्व्हर गुप्त राहील, ही समजूतही काढून टाकलेली बरी. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली झेडमॅप हा प्रोग्रॅम दाखवला. एका कॉम्प्युटरवरून, गिगाबिट वेगाच्या जोडणीवर, तो ३२ बिटांच्या सगळ्या सार्वजनिक पत्त्यांवरचा एक पोर्ट ४५ मिनिटांच्या आत चाचपतो. तेव्हा २५५६५ उघडा ठेवलात तर अनोळखी कुणीतरी दार वाजवणारच. माइनक्राफ्टमध्ये व्हाइटलिस्ट, म्हणजे फक्त नाव असलेल्यांनाच आत घेणारी यादी, चालू करायला एक आज्ञा लागते, आणि ती पहिल्या मित्राला बोलवायच्या आधी द्यावी. खेळ कायमचा थांबवला की फॉरवर्डिंगचा नियमही काढून टाकावा.

२००४च्या हेलो २ या गेमनंतर यादीची जागा हळूहळू मॅचमेकिंगने घेतली. बटण दाबायचं, सर्व्हर कंपनी निवडणार, पत्ता दिसणारही नाही. सोय मोठी आहे आणि नवख्याला तेच हवं असतं, हे मान्य. पण २००९ साली मॉडर्न वॉरफेअर २ने पीसीवरच्या खेळाडूंना स्वतःचे सर्व्हर चालवायची मुभा काढून घेतली तेव्हा जो गदारोळ झाला, तो मला अजिबात अनाठायी वाटत नाही. पत्ता टाकायची चौकट गेली की गेमचं आयुष्य कंपनीच्या मर्जीवर येतं.

गेमस्पाय ३१ मे २०१४ रोजी बंद झाला तेव्हा हा फरक उघडा पडला. त्याच्या यादीवर विसंबलेल्या अनेक गेमचे सर्व्हर चालू होते, खेळाडूही होते, फक्त त्यांची गाठ घालून देणारं कुणी उरलं नव्हतं. ज्यांत पत्ता थेट टाकता येत होता ते गेम लोक खेळत राहिले. इतर काहींसाठी हौशी मंडळींनी ओपनस्पायसारखे पर्यायी मास्टर सर्व्हर उभे केले आणि खेळाडूंना कॉम्प्युटरमधली होस्ट्स फाइल बदलायला सांगितली. तिच्यात जुन्या नावापुढे नवा पत्ता लिहिला की गेम त्याच नावाने विचारतो आणि उत्तर दुसरीकडून येतं. ज्या गेमचा सर्व्हर प्रोग्रॅमच कंपनीने कधी बाहेर दिला नाही, तिथे एवढ्याने भागत नाही. तो प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी पॅकेटं खरा सर्व्हर बंद पडण्याआधीच कुणीतरी नोंदवून ठेवलेली असावी लागतात.