प्रतिकारक्षमता उपचार : जनुकीय उत्परिवर्तन असलेल्या फुप्फुस कर्करोगातील

टी-पेशींना (रोगप्रतिकारक पेशींना) आवरून धरणारा पीडी-१/पीडी-एल१ (टी-पेशीवरचे प्रथिन व त्याला जुळणारे कर्कपेशीवरचे प्रथिन) हा लगाम प्रतिपिंडांनी सैल करण्याचा उपचार. नॉन-स्मॉल सेल या फुप्फुस कर्करोगाच्या प्रमुख प्रकारात ईजीएफआर, एएलके, केआरएएस यांसारखी जनुके बदललेली असतील, तर तो सारखाच लागू पडत नाही. पीडी-१ रेणूचा शोध तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. बदललेल्या ईजीएफआरलाच रोखणाऱ्या गोळ्यांना दाद देणारी ईजीएफआर उत्परिवर्तने २००४ मध्ये कळली.

बहुतेक पूर्वोपचारित अशा ५५१ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत (२०१९) एकट्या प्रतिपिंडाने गाठ आकसण्याचे प्रमाण केआरएएसमध्ये २६%, बीआरएएफमध्ये २४%, एमईटीमध्ये १६%, ईजीएफआरमध्ये १२% आणि एएलकेमध्ये शून्य आढळले. आरओएस-१ या जनुकाचे आकडेही त्यात आहेत, पण रुग्ण अवघे ७. त्यावरून अनुमान काढू नये.

हा फरक का पडतो, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार ईजीएफआर व एएलके बदल बहुधा धूम्रपान न करणाऱ्यांत आढळतात. त्यांच्या गाठीत एकूण उत्परिवर्तने कमी, म्हणून टी-पेशींना परके वाटावे असे प्रथिनही कमी. दुसरे मत गाठीच्या परिसरावर भर देते : तेथे मारक टी-पेशी विरळ असतात आणि अ‍ॅडेनोसिन त्यांना आणखी मंदावते. शिवाय बदललेले ईजीएफआर स्वतःच पीडी-एल१ वाढवते. पीडी-एल१ असलेल्या कर्कपेशी ५०% च्या वर असूनही औषध का फसते, याचा उलगडा पहिल्या मताने होत नाही. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. गोळ्या न घेतलेल्या, पीडी-एल१ असलेल्या ईजीएफआर रुग्णांवर पेम्ब्रोलिझुमॅब या पीडी-१ प्रतिपिंडाची चाचणी ११ जणांनंतर थांबवावी लागली. एकाची गाठ आकसली होती. फेरतपासणीत त्याचा ईजीएफआर अहवालच चुकीचा निघाला.

केआरएएसमध्ये सोबतचे बदल पाहावे लागतात. एसटीके-११ किंवा केईएपी-१ हे जनुक बिघडलेले असल्यास प्रतिसाद घटतो.

सर्वांत महाग पडते ती क्रमातील चूक. पीडी-एल१चा अहवाल सहसा आधी हाती येतो, जनुकांचा मागून. तेवढ्यात पहिला डोस दिला जातो. पुढे ईजीएफआर उत्परिवर्तन आढळून ऑसिमर्टिनिब ही ईजीएफआर रोखणारी गोळी सुरू केल्यावर एका मालिकेत ४१ पैकी ६ जणांना गंभीर दुष्परिणाम झाले. शेवटच्या प्रतिपिंडाला ३ महिने झाले नसताना गोळी घेणाऱ्या २१ पैकी ५ जणांना. आधी ऑसिमर्टिनिब व मग प्रतिपिंड घेतलेल्या २९ जणांत एकही नाही. पेम्ब्रोलिझुमॅबचा अर्धायुकाल सुमारे ३ आठवडे असल्याने औषध थांबवले तरी परिणाम महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून अहवालाची वाट पाहणे रुग्णाला झेपणारे नसेल, तर पहिली एक-दोन आवर्तने केवळ प्लॅटिनम–पेमेट्रेक्सेड या केमोथेरपीची द्यावीत.

अहवाल रखडतो तो बहुधा नमुन्यामुळे. पीडी-एल१साठी किमान १०० जिवंत कर्कपेशी लागतात. हाडातील नमुना आम्लाने मऊ केल्यास डीएनए तुटतो. केवळ ईजीएफआरची पीसीआर (ठरावीक डीएनए तुकडा शोधणारी) चाचणी एएलकेची जोडणी (दुसऱ्या जनुकाशी झालेला सांधा) दाखवत नाही, आणि रक्तातील डीएनएचा नकारार्थी अहवाल म्हणजे उत्परिवर्तन नाही असे नव्हे.

फुप्फुसदाह हा असाच एक गंभीर दुष्परिणाम. कोरडा खोकला, नव्याने लागणारी धाप किंवा घसरणारा ऑक्सिजन दिसल्यास प्रतिपिंड व ऑसिमर्टिनिब दोन्ही थांबवून सीटी स्कॅन करतात, जंतुसंसर्ग वगळतात. फुप्फुसदाह ठरल्यास प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड वजनाच्या दर किलोला १ ते २ मिग्रॅ. रोज देऊन किमान ४ ते ६ आठवड्यांत उतरवतात. घाईने उतरवल्यास दाह उलटतो.

ईजीएफआरवरील गोळ्या निकामी झाल्यावर केमोथेरपीला केवळ पीडी-१ प्रतिपिंड जोडण्याच्या दोन मोठ्या चाचण्यांत ठोस लाभ सिद्ध झाला नाही.