दे की बॉल!

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात संध्याकाळी पाचनंतर गाडी घालायची सोय नसते. दोन्ही टोकांना चपला ठेवून गोल केलेले असतात आणि मधे फुटबॉल चाललेला असतो. मागच्या महिन्यात मी असाच गाडी बंद करून थांबलो होतो. खेळणाऱ्यांत एक पोरगं नवीन होतं, दहा-अकरा वर्षांचं, नुकतंच भाड्यानं राहायला आलेल्या घरातलं. "दे की!" ते ओरडलं. बॉल दुसऱ्याकडं गेला. "दे की बॉल!" पुन्हा दुसऱ्याकडं. तिसऱ्या वेळी त्यानं नुसता हात वर केला. मग ते खाली वाकलं आणि बुटाची नाडी बांधायला लागलं. नाडी बांधलेलीच होती. ती त्यानं सोडली आणि परत बांधली.

कुणी त्याला मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती. तरी त्याला लागलं होतं. मराठीत ठेच लागते आणि बोलणंही लागतं. या दोन लागण्यांत काही नातं आहे का, याच्या मागं मेंदूविज्ञान गेली वीस-पंचवीस वर्षं आहे, आणि त्यातून जे हाती आलंय ते मला फार सुंदर वाटतं. लिहायला बसण्याचं आणखी एक कारण आहे. 'हाड मोडलं काय नि मन मोडलं काय, मेंदूला दोन्ही सारखंच, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं' असा निरोप आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर वरचेवर येतो. त्यातलं अर्धंच खरं आहे.

या संशोधनाची सुरुवातही खेळातूनच झाली. किपलिंग विल्यम्स हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आपल्या कुत्र्याबरोबर बागेत बसले होते. फ्रिस्बी, म्हणजे फेकून खेळायची प्लास्टिकची थाळी, त्यांच्याजवळ येऊन पडली. त्यांनी ती खेळणाऱ्या दोघांकडं परत फेकली, त्या दोघांनी पुन्हा यांच्याकडं टाकली आणि तिघांचा खेळ रंगला. थोड्या वेळानं त्या दोघांनी काही न बोलता यांच्याकडं टाकणं थांबवलं. ना ओळख, ना देणं-घेणं, तरी विल्यम्सना इतकं वाईट वाटलं की त्यातून पुढं त्यांनी संगणकावरचा 'सायबरबॉल' हा खेळ घडवला. पडद्यावर तीन खेळाडू, त्यातले एक तुम्ही. बाकीचे दोघं दुसरीकडं बसून खेळतायत असं तुम्हाला सांगितलेलं असतं. खरं तर तिथं कुणीच नसतं, चेंडू संगणकच फिरवत असतो. आधी चेंडू तुमच्याकडं येतो, मग येईनासा होतो. खेळ एवढाच.

2003 मध्ये नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लीबरमन आणि विल्यम्स यांनी 13 जणांना एफएमआरआय यंत्रात, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय त्याचं चित्र काढणाऱ्या यंत्रात, झोपवून हा खेळ खेळायला दिला. चेंडू यायचा थांबला तेव्हा मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या खोबणीतला एक पट्टा, अग्र सिंग्युलेट, जास्त कामाला लागलेला दिसला. ज्याला जास्त वाईट वाटलं त्याच्यात तो जास्त जागा. आणि अंग दुखतं तेव्हाही हा पट्टा जागा होतो.

इथं जरा थांबून वेदना म्हणजे काय ते पाहू, कारण सगळी गंमत तिथं आहे. तापलेल्या तव्याला बोट लागलं की एकाच वेळी दोन गोष्टी होतात. कुठं भाजलं, किती भाजलं, ही माहिती मेंदूतल्या स्पर्शाच्या भागात पोचते. आणि 'नको, हे आत्ताच्या आत्ता थांबव' ही तळमळ उठते, तिचा मुख्य कारभार अग्र सिंग्युलेट आणि त्याच्या जोडीचा इन्सुला हा भाग पाहतात. हे दोन पदर खरोखर सुटे करता येतात. असह्य, जुनाट वेदनेवर शेवटचा उपाय म्हणून या पट्ट्याला छेद दिलेले काही रुग्ण सांगत, दुखतंय तर खरं, पण आता त्याचं काही वाटत नाही. 1997 मध्ये माँट्रियलमध्ये याच्याही पुढची कसोटी झाली. संमोहित लोकांनी कढत पाण्यात हात घातला होता. नकोसेपणा कमी वाटेल किंवा वाढेल अशा सूचना त्यांना दिल्या गेल्या, तसं सिंग्युलेटमधलं काम कमी-जास्त झालं. स्पर्शाच्या भागात फरक पडला नाही. पाणी तेच, भाजणं तेच, तळमळ मात्र वेगळी. वगळलेल्या माणसात जागा होतो तो हा तळमळीचा पदर.

निसर्गानं अशी सोय का केली असेल? सस्तन प्राण्यांचं पिल्लू जन्मतः असहाय असतं, आईपासून तुटलं की त्याच्या जिवाला धोका. त्याला तुटण्याची सूचना तातडीनं मिळणं गरजेचं होतं, आणि वेदनेची तळमळ ही यंत्रणा शरीरात आधीपासून तयार होती. उत्क्रांती नवं घर क्वचितच बांधते, जुन्यालाच माळा काढते. याला रसायनांतूनही दुजोरा मिळतो. 1978 मध्ये याक पँक्सेप या मेंदूशास्त्रज्ञांनी आईपासून वेगळ्या केलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना मॉर्फिनचा अगदी थोडा डोस दिला, गुंगी येणार नाही इतका. पिल्लांचं केकाटणं कमी झालं. जे औषध जखमेचं दुखणं शमवतं त्यानंच आई नसल्याचंही शमवलं. 2010 मध्ये तर रोज साधं पॅरासिटामॉल घेणाऱ्यांना तीन आठवड्यांत मन दुखावल्याची भावना कमी जाणवली, असा निष्कर्ष आला. मात्र तो अभ्यास लहान होता. कुणी बोललं म्हणून गोळी घेऊ नका. यकृताचं नुकसान करण्याची त्या गोळीची ताकद पक्की ठाऊक आहे.

आता त्या निरोपातल्या खोट्या अर्ध्याकडं येतो. एफएमआरआय विचार पाहत नाही, रक्तातला प्राणवायू पाहतो. प्राणवायू सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात थोडी गडबड करतं, प्राणवायू असलेलं करत नाही. मेंदूचा भाग कामाला लागला की काही सेकंदांत तिथं ताजं रक्त गरजेपेक्षा जास्त येतं आणि संकेत बदलतो. चित्राचा सर्वांत लहान ठिपका, व्हॉक्सेल, दोन-तीन मिलिमीटरचा घन असतो. त्यात लाखो चेतापेशी मावतात. म्हणून दोन वेळा एकच ठिपका उजळला तर काम करणाऱ्या पेशीही त्याच होत्या, असं म्हणता येत नाही. 2014 मध्ये वू आणि वेजर यांच्या गटानं हे नेमकं तपासलं. ज्यांचं प्रेम नुकतंच तुटलं होतं अशांना कधी त्या व्यक्तीचा फोटो दाखवला, कधी हातावर चटका दिला. कुठला ठिपका उजळला एवढ्यावर ते थांबले नाहीत. शेकडो ठिपक्यांचा कमी-जास्तपणा मिळून जी नक्षी तयार होते ती त्यांनी संगणकाला शिकवली. चटक्याची नक्षी ओळखायला शिकलेल्या संगणकाला फोटोची नक्षी ओळखता आली नाही, फोटोवर शिकलेल्याला चटक्याची आली नाही. इमारत एक, पण बिऱ्हाडं वेगळी. म्हणजे मेंदूला हाड आणि मन यांतला फरक चांगला कळतो. शेजार मात्र लागूनच आहे.

मला या सगळ्यात जास्त भिडते ती वेगळीच गोष्ट. वगळल्याची ही घंटा वाजण्याआधी चौकशी करत नाही. 2004 मध्ये काही जणांना आधीच सांगून टाकलं की समोर माणूस नाही, संगणक आहे. तरी चेंडू थांबल्यावर त्यांना लागलं. दुसऱ्या एका प्रयोगात चेंडू मिळाला की पैसे कापले जात, म्हणजे वगळलं जाण्यात फायदा होता. तरीही वगळलेल्यांना लागलं. घंटा आधी वाजते. खरं काय, खोटं काय, याचा निवाडा कपाळामागचा भाग नंतर करतो. 2003 च्या प्रयोगातही ज्यांचा उजव्या बाजूचा तो भाग जास्त काम करत होता, त्यांना त्रास कमी झाला होता.

नाटकात आपण रडतो ते याच फटीतून, असं माझं मत आहे. रंगमंचावर मुलगा बापाला घराबाहेर काढतो. तिकीट आपणच काढलंय, नट उद्या दुसऱ्या गावात हाच प्रयोग करणार, सगळं माहीत असतं. घंटा तरी वाजते. वगनाट्यात ऐन दुःखाच्या प्रसंगात सोंगाड्या प्रेक्षकांकडं वळून काहीतरी बोलतो आणि आपण एकदम भानावर येतो, तेव्हा बहुधा तो कपाळामागचा भाग कामाला लागत असावा. जर्मन नाटककार ब्रेख्तनं हा दुरावा मुद्दाम घडवला, प्रेक्षकानं वाहून न जाता विचार करावा म्हणून. आपल्याकडच्या भट्टनायक या संस्कृत काव्यशास्त्रकारानं नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास उलट्या टोकाची गोष्ट सांगितली. नाटकातला शोक 'माझा' राहत नाही, 'त्याचा'ही राहत नाही, तो सगळ्यांचा होतो. त्याला त्यानं साधारणीकरण म्हटलं.

आणि सगळ्यांचा होतो म्हणजे नेमकं काय होतं, याचं मोजमाप 2016 मध्ये ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटानं करून पाहिलं. एका बेघर, व्यसनी माणसाची खरी कहाणी सांगणारा चित्रपट त्यांनी काही गटांना दाखवला, बाकीच्यांना साधे माहितीपट. आधी आणि नंतर प्रत्येकाला भिंतीला पाठ लावून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसवलं. मांड्या भरून येईपर्यंत किती सेकंद सोसवतं ते मोजलं. चित्रपट ज्यांच्या मनाला लागला ते नंतर जास्त वेळ बसू शकले, आणि शेजारच्या अनोळखी माणसांबद्दल त्यांना जास्त आपुलकी वाटत होती. शरीराचं स्वतःचं मॉर्फिन, एंडॉर्फिन, यामागं असावं असा त्यांचा तर्क आहे. मांडीची कळ हा एंडॉर्फिनचा आडून घेतलेला अंदाज आहे, रक्तातलं मोजमाप नाही, हे विसरू नये. तरी पँक्सेपची पिल्लं आठवतात. परक्याचं तुटलेपण पाहताना आपण तेच औषध आत तयार करतो आणि ते शेजारच्याशी जोडून घ्यायलाही उपयोगी पडतं, असा हा दुवा आहे. 'सहानुभूतीच्या पेशी' सापडल्या, 'प्रेमाचं संप्रेरक' सापडलं, असल्या मथळ्यांपेक्षा ही भिंतीला टेकलेली पाठ मला जास्त विश्वासाची वाटते. रडून लगेच हलकं वाटतं हेही पूर्ण खरं नाही. 2015 च्या एका डच अभ्यासात रडलेल्यांचं मन चित्रपट संपताच आणखी खालावलं होतं, वीस मिनिटांत पूर्ववत झालं, आणि दीड तासानं आधीपेक्षा बरं होतं.

आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1925 मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट केला. सावकार जमीन गिळतो, तरुण शेतकरी शहरात गिरणीत जातो. व्ही. शांताराम त्यात तो शेतकरी झाले होते. पडद्यावर आवाज नव्हता. प्रेक्षकांत बसलेल्या कुणाकुणाची जमीन खरोखर गहाण असेल. अंधारात शेजारी बसलेल्याचा हुंदका ऐकणं म्हणजे आपण एकटे नाही हे कळणं.

हा अंधार ज्यांना मिळत नाही त्यांचं काय होतं, हेही विल्यम्स यांनी मांडलंय. वगळलं गेल्यावर आधी घंटा वाजते. मग माणूस सावरतो, जुळवून घेतो किंवा चिडतो. पण वगळणं वर्षानुवर्षं चाललं तर तिसरी पायरी येते. तो प्रयत्न सोडतो. परकेपणा, हतबलता, आपण कुणाच्या खिजगणतीत नाही ही भावना. घरात सगळे जेवायला बसले आणि 'तुम्ही जेवलात का' एवढंही कुणी विचारत नाही अशी म्हातारी माणसं आपल्या आजूबाजूला आहेत. लग्न होऊन आलेल्या एखाद्या मुलीशी सहा-सहा महिने घरात कुणी धड बोलत नाही, ती गप्प होते, आणि मग तिला 'बाहेरचं झालंय' म्हणून देवऋषाकडं नेतात. तिच्या अंगात कुणी शिरलेलं नसतं. तिच्याकडं बॉल येत नसतो. तिला माणसं हवी असतात, आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. अंगाऱ्यात जातात ते महिने वाया जातात, याची मला चीड आहे.

वाळीत टाकणं ही हत्याराशिवाय करता येणारी मारहाण आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, 2016 चा कायदा. त्याच्या शंभर वर्षं आधी कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित माणसाला पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून चाबकानं मारलं गेलं होतं. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः तिथं थांबून चहा घेऊ लागले, बरोबरच्यांनाही घ्यायला लावू लागले. मेंदूच्या चित्रांच्या कितीतरी आधी त्यांना नेमकं कळलं होतं की इथं कुणीतरी बॉल टाकायला हवा, आणि तो सगळ्यांदेखत टाकायला हवा.

त्याच महाराजांनी 1915 मध्ये खासबाग मैदानाला लागून पॅलेस थिएटर उभं केलं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. मी रस्त्यावर उभा होतो. शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ रडत होते, त्यांच्या पलीकडं एक रिक्षावाला रडत होता. आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो. रिक्षावाल्यानं पाण्याची बाटली पुढं केली, ती आमच्या तिघांत फिरली.

तिथं पुन्हा पडदा वर जाईल त्या दिवशी एक प्रयोग व्हावा अशी माझी इच्छा आहे. शिवाजी विद्यापीठातल्या मुलांनी तो करावा. करुण नाटक लावायचं आणि आधी पन्नास-साठ प्रेक्षकांना बाहेरच्या भिंतीला पाठ टेकवून बसवायचं, सेकंद मोजून वहीत लिहायचे. कुस्तीच्या तालमीतली पोरं तशीही जास्त वेळ बसतील, म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या सेकंदांशी करायची. तितक्याच जणांना तेच नाटक घरी एकट्यानं मोबाइलवर बघायला द्यायचं. तिसरी घंटा होण्याआधी वह्या गोळा करायच्या. आणि नाटक सुटलं की, डोळे पुसायच्या आत, सगळ्यांना परत भिंतीशी बोलवायचं.