ओल्ड गोव्याची पायवाट: सायबाच्या फेस्ताला चालत जाणाऱ्यांमागचा इतिहास

नोव्हेंबर सरत आला की महाराष्ट्र-गोव्याच्या हद्दीवरच्या बांदा-पत्रादेवीच्या रस्त्यावर पहाटे माणसांचे घोळके दिसू लागतात. पुढच्याच्या हातात क्रूस, बाकीच्यांच्या बोटांत तेर्साचे, म्हणजे जपमाळेचे मणी, एखाद्याच्या चपला पिशवीत. सावंतवाडीकडून ओल्ड गोवा साठेक किलोमीटर. २४ नोव्हेंबरला नोवेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते आणि ३ डिसेंबरला गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांचं फेस्त, वर्षाचा सण. बघणाऱ्याला पंढरीची वारी आठवते. मला ते साम्य अर्धंच पटतं. वारीत पालखी सोबत चालते; इथे सायब जागचा हलत नाही, जायचं ते आपण.

झेवियर स्वतः मात्र सतत चालत किंवा जहाजावर. ६ मे १५४२ ला ते गोव्यात उतरले, हातात घंटी घेऊन रस्त्यारस्त्याने पोरं गोळा करून धर्म शिकवू लागले आणि काही महिन्यांतच दक्षिणेला निघून गेले. ३ डिसेंबर १५५२ ला चीनजवळच्या सांचियान बेटावर त्यांचं निधन झालं. देह मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यात आला. जिवंतपणी जे गाव त्यांना फारसं लाभलं नाही, तिथेच ते कायमचे राहिले. देह सगळा मात्र नाही: उजवा हात १६१४ मध्ये रोमला गेला.

मराठी वाचकाला जवळचा प्रसंग १६८३ चा. संभाजीराजांच्या फौजा गोव्याच्या दाराशी आल्या, तेव्हा पोर्तुगीज विसरई (व्हाइसरॉय) कोंद दे आल्व्होर याने शवपेटी उघडायला लावून आपला अधिकारदंड संताच्या हाती ठेवला. आता राज्य तुम्हीच राखा, असं म्हणून. पुढे औरंगजेबाचा मुलगा शहाआलम याची मोगल फौज रामघाटाने उतरली आणि मराठे परतले. दरबाराने श्रेय सायबाला दिलं. नंतरचे कारभारी तोच दंड त्यांच्याकडून घेऊन कामाला लागत.

लोकांना खुलं दर्शन मिळालं ते १७८२ मध्ये, आणि तेही एका अफवेमुळे. १७५९ मध्ये जेझुइटांना, म्हणजे झेवियर यांच्याच संघातल्या पाद्र्यांना, हाकलल्यावर, जाताना त्यांनी खरा देह पळवला अशी कुजबुज सुरू झाली होती. ती मोडायला पेटी उघडावी लागली. आता साधारण दर दहा वर्षांनी प्रदर्शन भरतं. शेवटचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. त्या वर्षी गर्दी अफाट असते, पण चालणारे दरवर्षी येतात, दर्शनासाठी पेटी खाली उतरो न उतरो.

हे चालणारे कोण, हा माझ्या मते खरा प्रश्न. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या पट्ट्यातली बरीच ख्रिस्ती घरं मुळात गोव्यातूनच आलेली. कर, दुष्काळ, लढाया, कसायला जमीन, अशी कारणं अनेक, त्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालयही. ते न्यायासन गोव्यात १५६० मध्ये बसलं आणि मधली काही वर्षं सोडता १८१२ पर्यंत टिकलं. त्याची मागणी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून केली होती, ती झेवियर यांनीच. म्हणजे ज्या गोव्यातून पूर्वज बाहेर पडले, तिथेच नातवंडं पायी जातात, आणि तेही त्याच सायबाकडे. फेस्तात ही गोष्ट कुणी काढत नाही. काढावी असं मला वाटतं, पण पाय सुजलेल्या माणसासमोर नाही.

वाटही नेहमी अशी सरळ नव्हती. पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांकडून गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतर हद्द जवळजवळ बंदच झाली. खुली झाली ती डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर. पूल होण्यापूर्वी मांडवी ओलांडायला होडी नाहीतर फेरीबोट. सगळ्यात जुना तुकडा शेवटचा आहे: पणजी ते रायबंदर हा १६३० च्या दशकात विसरई लिन्यारिशच्या काळात बांधलेला तीनेक किलोमीटरचा बांध. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि चिखल. सावली नाही. इथे गाणी थांबतात, तेर्स तेवढा चालू राहतो.

रीतिभाती कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत. आंगवण, म्हणजे नवस, केलेली असते, ती शक्यतो बोलून दाखवत नाहीत. वाटेत खुरीस (क्रूस) दिसला की क्षणभर थांबायचं. कुणी चहा पुढे केला, पेज वाढली, तर नाही म्हणायचं नाही. वाढणारं घर हिंदू की ख्रिस्ती हे विचारत नाहीत. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मेरी माता, तर शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात आणि तिला तेल वाहायला हिंदूही जातात, तेव्हा या मुलखात तो प्रश्न तसाही फारसा टिकत नाही.

ओल्ड गोव्यात पोचलं की फेरीवाल्यांकडे मेणाचे हात, पाय, डोळे, बाहुल्या मांडलेल्या असतात. जे दुखतं ते विकत घ्यायचं आणि वाहायचं. गुडघ्यापर्यंतचा मेणाचा पाय पिवळट, हाताला चिकट लागतो आणि उन्हात थोडा वाकतो. तो कुशीत धरून रांगेत उभी असलेली बाई स्वतः अनवाणी असते, टाचेला खोबरेल तेल आणि कापडाची पट्टी. बाहेर खाज्याचे ढीग, गुळाचं आणि आल्याचं, जत्रेत मिळतं तेच. अर्धा किलो पिशवीत पडतं, पिशवीतल्या चपला बाहेर निघतात आणि मंडळी परतीची एसटी शोधू लागतात.