मंदीत पगार का उतरत नाहीत?

संत्र्यांची आवक वाढली की नागपूरच्या कळमना बाजारात भाव उतरतो आणि माल खपतो. श्रमाच्या बाजारात मात्र असे सहसा होत नाही. मागणी घटली की बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग नवी भरती थांबते, त्यानंतर कंत्राटी कामगार कमी केले जातात. कायम कामगाराच्या मूळ पगाराला मालक शक्यतो हात लावत नाही.

यामागचे कारण शोधण्यासाठी अमेरिकी अर्थतज्ज्ञ ट्रुमन ब्यूली यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत तीनशेहून अधिक व्यवस्थापक, कामगार पुढारी आणि सल्लागारांना थेट भेटून विचारले. पगार कापल्यास कामावर राहिलेल्या सर्वांचेच मन कामातून उडते, तर कामावरून काढलेला माणूस आपली नाराजी घेऊन बाहेर पडतो, असे त्यांना वारंवार सांगण्यात आले.

हे केवळ कारखान्यांपुरते आणि कामगार संघटनांपुरते असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अर्थतज्ज्ञ सुप्रीत कौर यांनी भारतातील जिल्ह्यांच्या सुमारे पाच दशकांच्या शेतमजुरीच्या आकडेवारीचा अभ्यास करून २०१९ मध्ये दाखवून दिले की, जेथे लेखी करार नाही आणि संघटनाही नाही, तेथेही चांगल्या पावसाच्या वर्षी वाढलेली रोजी पुढच्या सामान्य वर्षी खाली येत नाही, आणि त्या वर्षी मजुरांना मिळणारे काम मात्र घटते. महागाई अधिक असेल तर हा अडसर सैल होतो, कारण रोजीचा आकडा तोच राहिला तरी तिची खरेदीशक्ती आपोआप कमी होते.

रोजी स्थिर राहते, पण तिची किंमत बेकार माणूस मोजतो. पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिडेस यांना २०१० चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्या कामासाठी मिळाले, त्याचा गाभा असा की, बेकारी किती आहे हे नोकरी सुटण्याच्या आणि मिळण्याच्या वेगावर ठरते. मंदीत मालक नव्या जागा काढत नाहीत आणि एकेका जागेसाठी अर्जांची गर्दी होते. म्हणून एकालाही कामावरून न काढताही, त्याच वर्षी आयटीआय किंवा अभियांत्रिकी पूर्ण करणाऱ्या पिढीचे नुकसान होऊ शकते.

आपल्याकडे हे नुकसान आकड्यांत पुरते उतरत नाही, आणि मला हीच बाब सर्वांत गंभीर वाटते. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात चालू साप्ताहिक स्थितीनुसार, म्हणजे मागच्या सात दिवसांतील कामावरून पाहता, आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. त्यामुळे ठिय्यावर, म्हणजे मजूर रोजंदारीचे काम मिळवायला जमतात त्या नाक्यावर, रोज उभा राहून आठवड्यात दोनच दिवस काम मिळालेला गवंडी बेकार ठरत नाही. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत शहरी बेकारी ९.१ टक्क्यांवरून २०.८ टक्क्यांवर गेली, हा टाळेबंदीचा अपवादात्मक धक्का होता. एरवी शहरातले काम आटले की माणूस गावी परततो आणि घरच्या शेतीत सामावला जातो. टाळेबंदीच्या काळातही हे दिसले: एकूण रोजगारातील शेतीचा वाटा २०१८-१९ मधील ४२.५ टक्क्यांवरून २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्क्यांवर गेला. तेवढ्याच जमिनीवर अधिक हात, म्हणजे दर हाती कमी उत्पन्न. नागपूरच्या ठिय्यावरील मंदी ओळखायची असेल, तर रोजीचा दर विचारून भागणार नाही. महिन्यातून किती दिवस काम लागले, हे विचारावे लागेल.