नाव हे नावच राहावं

मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी या पट्ट्यात डिसोझा, डिमेलो ही आडनावं ओळखीची आहेत. रोमन लिपीत लिहिताना पुष्कळ जण पहिल्या ‘डी’नंतर वर एक बारीक चिन्ह देतात: अपॉस्ट्रॉफी. एखाद्या संकेतस्थळावर असं आडनाव भरून बटण दाबलं की कधीकधी पान कोरंच उघडतं, नाहीतर काहीतरी चुकल्याची ओळ दिसते. मग माणूस ते चिन्ह गाळतो आणि पुढे जातो. मला हे अजिबात पटत नाही. प्रोग्रामच्या सोयीसाठी कोणी आपलं आडनाव का बदलावं? चूक नावात नसते. प्रोग्राम डेटाबेसशी, म्हणजे माहिती साठवणाऱ्या व्यवस्थेशी, ज्या पद्धतीने बोलतो, त्या पद्धतीत ती असते.

देवगडच्या एका बागायतदाराने हापूसच्या पेट्या थेट विकायला संकेतस्थळ केलं आहे असं समजू. पुण्याचं गिऱ्हाईक मोबाइलवर फॉर्म भरतं. तो फॉर्म सर्व्हरवरच्या, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकावरच्या, पीएचपी भाषेतल्या प्रोग्रामकडे जातो आणि तो प्रोग्राम मायएसक्यूएल डेटाबेसला सांगतो, की ही ऑर्डर लिहून घे. हे सांगणं एसक्यूएल भाषेत असतं. या भाषेत मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे एकेरी अवतरणचिन्हांनी कळतं. संगणकाच्या कळफलकावर अवतरणचिन्ह आणि अपॉस्ट्रॉफी एकच असतात. प्रोग्रामने आज्ञेचं वाक्य आणि गिऱ्हाइकाचं नाव एकापुढे एक चिकटवून ओळ तयार केली, तर नावातल्या त्या चिन्हापाशीच मजकूर संपला असं डेटाबेसला वाटतं. उरलेलं ‘सोझा’ त्याला आज्ञेचा भाग वाटतं, त्याचा अर्थ लागत नाही आणि तो १०६४ क्रमांकाची, म्हणजे वाक्यरचना चुकल्याची, तक्रार करतो.

इथवर फक्त एक ऑर्डर बुडाली. पण ज्या फटीतून ‘सोझा’ चुकून आज्ञेत शिरलं, त्याच फटीतून कोणी मुद्दाम काही घुसवू शकतं. नावाच्या रकान्यात अवतरणचिन्ह देऊन पुढे ‘किंवा एक बरोबर एक’ अशा अर्थाची अट लिहिली, तर ती अट नेहमीच खरी ठरते आणि एका गिऱ्हाइकाऐवजी सगळ्यांची माहिती बाहेर येऊ शकते. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. १९९८ पासून त्यावर उघडपणे लिहिलं जात आहे. तरीही २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती याच मार्गाने चोरीला गेली, आणि पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्तालयाने कंपनीला ४ लाख पौंडांचा दंड केला.

पीएचपीच्या जुन्या काळात यावर एक उपाय काढला होता. फॉर्ममधून आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी आपोआप एक तिरकी रेघ लावायची. त्यातून पुरतं संरक्षण मिळालं नाही, उलट माणसांची नावं रेघांसकट साठवली जाऊ लागली. २०१२ च्या ५.४ आवृत्तीत ती सोय काढून टाकली, हे चांगलं झालं.

खरा उपाय २००४ मध्ये आलेल्या पीएचपी ५ पासून हाताशी आहे. त्या आवृत्तीत ऑब्जेक्टची, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधणाऱ्या घटकाची, रचना नव्याने बांधली गेली. तिच्याबरोबर डेटाबेसशी बोलायचं मायएसक्यूएलआय हे साधन आलं आणि पुढच्या वर्षी ५.१ मध्ये पीडीओ हे दुसरं साधन आलं. मायएसक्यूएलआय फक्त मायएसक्यूएलसाठी आहे. पीडीओ पोस्टग्रेस, एसक्यूलाइट अशा इतर डेटाबेसशीही त्याच मेथडनी, म्हणजे ऑब्जेक्टला सांगायच्या त्याच कामांनी, बोलतं. एसक्यूएलच्या बोलीत मात्र डेटाबेसगणिक फरक राहतात, ते पीडीओ मिटवत नाही.

यात जोडणी हीच एक ऑब्जेक्ट असते. सर्व्हरचा पत्ता, डेटाबेसचं नाव, वापरणाऱ्याचं नाव आणि पासवर्ड देऊन ती तयार करायची, आणि पुढचं सगळं बोलणं तिच्यामार्फत करायचं. त्याआधी मायएसक्यूएलशी बोलायला ऑब्जेक्टशिवायची जुनी फंक्शनं होती; त्यांत कोणती जोडणी वापरायची ते सांगितलं नाही, तर सर्वांत शेवटी उघडलेली जोडणी गुपचूप वापरली जाई. बागायतदाराचं आंब्याचं दुकान आणि तारकर्लीचं होमस्टे एकाच प्रोग्रामवर दोन डेटाबेसमध्ये चालत असेल, तर आंब्याची ऑर्डर खोल्यांच्या डेटाबेसकडे पाठवली जाण्याचा धोका असे. ऑब्जेक्ट दोन असल्या की कोणत्या डेटाबेसशी बोलतोय हे प्रत्येक ओळीत दिसतं. ती जुनी फंक्शनं डिसेंबर २०१५ च्या पीएचपी ७ मध्ये कायमची गेली.

या जोडणीवरची सर्वांत मोलाची मेथड म्हणजे प्रिपेअर. छापील पावतीपुस्तकात मजकूर आधीच छापलेला असतो आणि नाव, रक्कम यांसाठी जागा कोरी असते. त्या जागेत काहीही लिहिलं तरी छापलेला मजकूर बदलत नाही. प्रिपेअर असंच करते. ‘या तक्त्यात नाव आणि पेट्यांची संख्या लिही’ ही आज्ञा कोऱ्या जागांसकट आधी पाठवायची. डेटाबेस तिचा अर्थ लावून ठेवतो. मग कोऱ्या जागांत भरायची मूल्यं, म्हणजे प्रत्यक्ष नाव आणि संख्या, एक्झिक्यूट या मेथडने वेगळी पाठवायची. तोवर आज्ञेचा अर्थ ठरून गेलेला असतो, म्हणून नावात अपॉस्ट्रॉफी असो की अख्खं एसक्यूएल वाक्य असो, ते नाव म्हणूनच साठवलं जातं.

इथे एक बारकावा आहे. मायएसक्यूएलबरोबर वापरताना पीडीओ मूळ सेटिंगमध्ये हे काम स्वतःच उरकतं, म्हणजे मूल्यं सुरक्षित करून आपणच वाक्यात भरतं आणि पूर्ण वाक्य पाठवतं. आज्ञा आणि मूल्यं खरोखर वेगळी जायला हवी असतील, तर ‘एम्युलेट प्रिपेअर्स’ हे सेटिंग बंद करावं लागतं. माझ्या मते ते बंदच असावं.

जोडणीत अक्षरसंच, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवायची ते, सांगायला विसरलं तर ‘विजयदुर्ग’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसू शकते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या पद्धतीत ३ बाइट घेतं. मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’ प्रकारात ३ बाइटपर्यंतच जागा आहे, त्यामुळे मराठी त्यात नीट बसतं. पण २०१८ मध्ये युनिकोड या अक्षरांच्या जागतिक यादीत आलेलं आंब्याचं इमोजी ४ बाइटचं आहे. गिऱ्हाइकाने संदेशात ते टाकलं, की कडक सेटिंगमध्ये चूक येते आणि सैल सेटिंगमध्ये तिथून पुढचा मजकूर कापला जातो, पत्त्याच्या खुणेसकट. म्हणून ‘यूटीएफ८एमबी४’च निवडावं.

आता ऐन एप्रिलमधला प्रसंग. पाच डझनांची एकच पेटी उरली आहे, आणि मुंबई व कोल्हापूरची दोन गिऱ्हाइकं एकाच क्षणी बटण दाबतात. दोघांच्या प्रोग्रामने आधी शिल्लक वाचली, दोघांना ‘१’ दिसलं, तर एक पेटी दोनदा विकली जाईल. ऑर्डर लिहिणं आणि शिल्लक घटवणं ही दोन कामं एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतील नाहीतर एकही नाही अशा गाठीत, बांधायला हवीत. शिल्लक घटवतानाच ‘शून्याहून जास्त असेल तरच’ ही अट घालायची आणि किती ओळी बदलल्या ते विचारायचं. इनोडीबी हे मायएसक्यूएलचं साठवण इंजिन ती ओळ पहिल्यासाठी अडवून ठेवतं. दुसऱ्याला थांबावं लागतं, आणि मग त्याला शून्य ओळी बदलल्याचं उत्तर मिळतं. पहिल्याचं कमिट होतं, म्हणजे काम पक्कं होतं, दुसऱ्याचं रोलबॅक, म्हणजे ते मागे घेतलं जातं. मध्येच प्रोग्राम कोसळून जोडणी तुटली, तर अर्धवट काम डेटाबेस स्वतः मागे घेतो. पैसे गेले पण ऑर्डरची नोंद नाही, असा घोळ निदान डेटाबेसच्या आत होत नाही.

चूक झालीच तर ती कळली पाहिजे. पीएचपी ८.० येईपर्यंत, म्हणजे २०२० पर्यंत, पीडीओ चुकीवर मूळ सेटिंगमध्ये गप्प राहत असे. प्रोग्राम ‘ऑर्डर नोंदवली’ म्हणून मोकळा होई आणि डेटाबेसमध्ये काहीच नसे. आता चूक होताच एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रामला चुकीचा इशारा, फेकलं जातं. ते पकडून गिऱ्हाइकाला साध्या मराठीत निरोप द्यावा आणि तांत्रिक तपशील सर्व्हरच्या नोंदवहीत ठेवावा. तो पानावर दाखवला तर तक्त्यांची नावं परक्याच्या हाती पडतात.

प्रिपेअरच्या कोऱ्या जागेत फक्त मूल्यं भरता येतात, तक्त्याचं किंवा रकान्याचं नाव नाही. ‘भावाप्रमाणे लावा’, ‘आकाराप्रमाणे लावा’ असा पर्याय गिऱ्हाइकाला द्यायचा असेल, तर चालणाऱ्या रकान्यांची यादी प्रोग्राममध्येच लिहून ठेवावी आणि आलेला शब्द त्या यादीत असेल तरच वापरावा. डेटाबेसचा पासवर्ड संकेतस्थळाच्या फोल्डरबाहेर असावा. आणि दुकानाचा प्रोग्राम ज्या नावाने डेटाबेसमध्ये शिरतो, त्या नावाला ऑर्डर वाचण्या-लिहिण्यापुरतेच अधिकार द्यावेत, तक्ता पुसण्याचा अधिकार त्याला मुळीच नको.