भिशी (सोलापूर)

ठरलेल्या सभासदांनी ठरावीक मुदतीने सारखा हप्ता भरून जमलेली रक्कम पाळीपाळीने एकेकाने उचलण्याची बचतपद्धती. सोलापुरात यंत्रमाग कामगार, विडी कामगार स्त्रिया व छोटे दुकानदार यांच्यात ती रूढ आहे.

उगम : लिलावाची भिशी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांबरोबर शहराच्या पूर्व भागात आली असण्याचा संभव आहे, तेलुगू भाषकांच्या चिट्टीची (चिट फंडाची) रचना हुबेहूब अशीच असते. चिठ्ठी काढून क्रम ठरवण्याची भिशी मात्र महाराष्ट्रभर आढळते. त्यामुळे सगळ्याच भिशीचे मूळ दक्षिणेत शोधण्यापेक्षा येथे दोन प्रवाह मिळाले असावेत, हे अधिक सयुक्तिक वाटते. सोलापुरातील ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी (१८७७) सुरू होऊन रोख पगाराचे दिवस ठरल्यावर पद्धतीला जोर आला असावा.

लिलाव : वीस जणांची, महिना हजार रुपयांची भिशी धरल्यास दरमहा २०,००० जमतात. गरजू सभासद तीन हजार सोडण्याची बोली लावून १७,००० उचलतो. सोडलेले तीन हजार वीस जणांत वाटले जाऊन प्रत्येकाचा हप्ता ८५० वर येतो. आधी उचलणारा कर्जदार ठरतो, शेवटपर्यंत थांबणारा सावकार. पैशाकडे पाहण्याची दृष्टी इथे उघड होते : सूत वा माग घ्यायचा असलेला विणकर रक्कम लवकर मागतो, मुलीच्या लग्नासाठी साठवणारी आई मुद्दाम शेवटची पाळी घेते. चिठ्ठीच्या भिशीत व्याज नसते, तरीही ती निवडली जाते. हाती राहिलेला पैसा खर्च होतो हे जाणणाऱ्यांना चारचौघांत हप्ता चुकू नये ही लाज बँकेच्या व्याजापेक्षा अधिक उपयोगी पडते.

मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ (१९६२) यांनी अशा संस्थांना शेतीकडून व्यापारी अर्थव्यवहाराकडे नेणारी, म्हणजे पुढे बँका आल्यावर मागे पडणारी, मधली पायरी मानले. मानववंशशास्त्रज्ञ शर्ली आर्डनर (१९६४) यांनी ते पूर्णतः मान्य केले नाही. बँका व पतसंस्था असूनही सोलापुरात भिशी टिकून आहे, हे पाहता आर्डनर यांची भूमिका जवळची वाटते.

कायदा : चिट फंड अधिनियम, १९८२ नुसार अशा योजनेला पूर्वपरवानगी व नोंदणी लागते; २०१९ च्या दुरुस्तीने चालकाच्या मोबदल्याची मर्यादा ५ वरून ७ टक्के झाली. गल्लीतील भिशी बहुधा या चौकटीबाहेर चालते. तेथे प्रमुखाची वही हाच पुरावा असतो आणि रक्कम आधी उचललेला सभासद गाव सोडून गेला, तर तोटा उरलेल्यांवर पडतो.