पटणं आणि पत: 'प्लॉझिबल' कुठे, 'क्रेडिबल' कुठे

2020 चा जून. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात सोयाबीन पेरून आठ दिवस झाले, तरी कित्येकांच्या वावरात तास, म्हणजे उगवलेली ओळ, दिसेना. शेजारचे काका धुऱ्यावर बसले होते आणि बी विकणारा त्यांना समजावत होता, "काका, बी खोल पडलं. वरून पानी दनकून आला, जमिनीनं पपडी धरली. उगवंन कसं?"

काका म्हणाले, "गोष्ट पटन्यासारखी हाय बाप्पा. पन सांगनारा तू हायस ना!"

मी गावात दहावी-बारावीच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. 'प्लॉझिबल' आणि 'क्रेडिबल' यांत फरक काय, हे दर वर्षी कोणीतरी विचारतंच, कारण मराठी अर्थ पाहायला गेलं की दोन्हींपुढे 'विश्वसनीय' सापडतं. काकांच्या त्या उत्तरात दोन्ही शब्द आहेत. पहिलं वाक्य प्लॉझिबलचं, दुसरं क्रेडिबलचं.

विक्रेत्याची गोष्ट खरंच प्लॉझिबल होती. सोयाबीन 3 ते 5 सेंटीमीटरवर पेरायचं असतं, त्याखाली गेलं तर कोंबाला वर यायला जड जातं. पण दुसरी गोष्टही तितकीच प्लॉझिबल होती: 2019 च्या ऑक्टोबरात सोंगणीच्या वेळी पाऊस लागला, दाणा भिजला, सोयाबीनचं साल पातळ, म्हणून उगवणशक्तीच गेली. प्लॉझिबलचं हे असं असतं. एकाच घटनेची दोन-तीन स्पष्टीकरणं शेजारी शेजारी प्लॉझिबल असू शकतात. गोष्टीला आतून मेळ आहे, ऐकताना कुठे अडखळायला होत नाही, एवढंच तो शब्द सांगतो. ती खरी का खोटी, यावर तो गप्प.

काकांनी मग पिशवीत उरलेलं बी काढलं. 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीनं मांडले, गुंडाळी केली, रोज पाणी शिंपडलं. 70 दाणे तरी उगवायला हवेत, असा सोयाबीनचा हिशेब. गुंडाळी उघडली तेव्हा निम्म्यांनाही कोंब नव्हते, काही तर बोटानं दाबले की पिचत होते. आता काकांची तक्रार क्रेडिबल झाली. तिच्या मागे पुरावा आला. बोलणाऱ्याची आजवरची वागणूकही अशीच मागे उभी राहते, म्हणून इंग्रजीत साक्षीदार क्रेडिबल असतो, बातमीचा सोर्स क्रेडिबल असतो. तिथे प्लॉझिबल बसवलं तर कान टवकारतात.

मुळांकडे पाहिलं की गोंधळ आणखी कमी होतो. क्रेडिबल लॅटिनमधल्या 'विश्वास ठेवणे' या क्रियापदावरून आला. त्याच घरातला 'क्रेडिट' आपण रोज वापरतो, आणि त्याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे: पत. प्लॉझिबल आला टाळ्या वाजवण्यावरून, 'अप्लॉज' त्याचा भाऊ. सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ 'टाळ्या घेण्याजोगं' असाच होता. पुढे तो 'वरवर पटणारं' इथवर घसरला. टाळ्या घेणारं भाषण आणि खरं भाषण यांतलं अंतर आम्हाला दर निवडणुकीला दिसतं, त्यामुळे ही घसरण मला तरी नवलाची वाटत नाही.

म्हणूनच माणसाला लावताना सांभाळा. 'ही इज क्रेडिबल' म्हणजे त्याच्या शब्दाला वजन आहे. 'ही इज प्लॉझिबल' ही मात्र बहुतेक वेळा चिमटा काढणारी तारीफ: गोडबोल्या आहे, जपून राहा. 'प्लॉझिबल डिनायबिलिटी' तर आपल्याकडे इंग्रजी न येणाऱ्यालाही येते. काम खालच्याकडून करून घ्यायचं आणि वर "आपल्याले काई मालूम नाई बा" म्हणता येईल एवढी जागा ठेवायची.

उलटे शब्दही फसवतात. 'इम्प्लॉझिबल' सरळ आहे, न पटणारं. 'इन्क्रेडिबल' मात्र हल्ली 'अफलातून' या अर्थानंच जास्त चालतो, त्यामुळे साक्षीदारावर विश्वास नाही असं म्हणायचं असेल तर 'नॉट क्रेडिबल' लिहिलेलं बरं.

परवा एका पोराला गृहपाठ विचारला. "सर, रात्री लाईन नव्हती." आमच्या गावात याहून प्लॉझिबल कारण नाही. पण त्याचं घर माझ्याच डीपीवर आहे, आणि मी रात्री पंख्याखाली झोपलो होतो.